‘बूसोल’ जहाजाचा कप्तान लापेरूझ

फ्रान्सच्या दक्षिण भागांत, तार्न नदीच्या कांठीं, आल्बी नांवाचें एक जुनें शहर आहे. तेथून समुद्र पुष्कळ लांब. तरीही ज्याचें नांव जपानच्या उत्तरेकडील एका सामुद्रधुनीस व हवाई द्वीपांतील एका उपसागरास कायमचें जडलें आहे, तो दर्यावर्दी या शहराजवळच 23 ऑगस्ट 1741 रोजीं जन्मास आला. त्याचें नांव झां फ्रान्स्वा द गालो. लापेरूझ हें त्याच्या घराण्याच्या एका जमिनीचें नांव. तें त्यानें आपल्या नांवास जोडलें आणि पुढें जगानें त्याला त्याच नांवानें ओळखलें. कप्तान कुक याचें नांव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस भूगोलाच्या पुस्तकांतून ठाऊक असतें. लापेरूझचें नांव मात्र फार थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. म्हणून त्याची व त्याच्या जहाजांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षीं, म्हणजे 1756 सालीं, तो ब्रेस्ट बंदरांतील आरमारी शाळेंत दाखल झाला. त्याच वर्षीं फ्रान्स व इंग्लंड यांच्यामध्यें सात वर्षांचें युद्ध पेटलें, आणि पुढचें शिक्षण त्याला लढाईनेंच दिलें. 1759 च्या नोव्हेंबरांत कीबेरॉन उपसागरांत फ्रेंच आरमाराचा दारुण पराभव झाला. अठरा वर्षांचा लापेरूझ त्या दिवशीं ‘फॉर्मिदाब्ल’ जहाजावर होता. जहाज शत्रूच्या हातीं पडलें व जखमी लापेरूझ कैदी म्हणून इंग्लंडांत गेला. कांहीं काळानें त्याची सुटका झाली. यानंतरच्या लहानसहान नेमणुकांची यादी देऊन आम्ही वाचकांस शिणवीत नाहीं.

1772 पासून सुमारें पांच वर्षें त्यानें हिंदी महासागरांत काढलीं. ज्या बेटास आज मॉरिशस म्हणतात तें त्या वेळीं फ्रेंचांचें असून त्यास ईल द फ्रांस असें नांव होतें. तेथून ‘सेन’ नांवाचें जहाज घेऊन तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला होता, आणि मलबारांतील माहे येथील फ्रेंच ठाण्याच्या बचावांत त्यानें भाग घेतला होता. परंतु त्या बेटावरील त्याच्या आयुष्यांतील खरी मोठी गोष्ट निराळीच आहे. एलेओनोर ब्रूदू नांवाच्या एका मध्यम स्थितींतील कुटुंबांतल्या मुलीवर त्याचें मन जडलें. तिच्याजवळ धन नव्हतें, कुलाचा दिमाख नव्हता. सरदार घराण्यांतील मुलानें अशी सोयरीक करावी हें आल्बीच्या वाड्यांत कोणासच रुचलें नाहीं. वडिलांनीं कडक शब्दांत नकार कळविला. मुलगा बापाचा आज्ञाधारक होता. त्यानें लग्न केलें नाहीं, पण दुसऱ्या कोणाशींही केलें नाहीं. अशीं वर्षांमागून वर्षें गेलीं. शेवटीं 1783 सालीं घरच्यांनीं दुसरी एक मुलगी पाहून बोलणीं पक्कीं करीत आणलीं, तेव्हां बेचाळिशीस आलेल्या या कप्तानानें त्या मुलीच्या आईस सरळ पत्र लिहून नकार कळविला आणि एलेओनोरशीं विवाह केला. आरमारांतील अधिकाऱ्यास लग्नासाठीं सरकारची परवानगी लागे. यानें आधीं लग्न केलें व मग मंत्र्यास पत्र लिहून क्षमा मागितली. ती मिळाली. त्याला क्षमा कां मिळाली हें समजण्यासाठीं आदल्या वर्षाची गोष्ट सांगितली पाहिजे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत फ्रान्स इंग्लंडाविरुद्ध उतरला होता. 1782 सालीं लापेरूझ यास ‘सेप्त्र’ हें 74 तोफांचें जहाज व दोन फ्रिगेटी देऊन उत्तर अमेरिकेंतील हडसन उपसागराकडे धाडण्यांत आलें. तेथें इंग्रज व्यापारी कंपनीचीं ठाणीं होतीं. तीं उध्वस्त करण्याचा हुकूम होता. बर्फ व धुकें यांतून मार्ग काढीत तो ऑगस्टांत तेथें पोहोंचला. प्रिन्स ऑफ वेल्स नांवाचा दगडी किल्ला मूठभर माणसांनिशीं उभा होता. तो एकही गोळी न झडतां शरण आला. पुढें यॉर्कचें ठाणेंही पडलें. हुकुमाप्रमाणें ठाणीं जाळलीं गेलीं. परंतु कांहीं इंग्रज रानांत पळून गेले आहेत हें लापेरूझला ठाऊक होतें. त्या प्रदेशांतील हिंवाळा म्हणजे काय हें आमच्या कोंकणांतल्या किंवा देशावरच्या वाचकांस सांगून समजणार नाहीं. अन्नावांचून ती माणसें वसंतापर्यंत जगणें शक्य नव्हतें. म्हणून त्यानें त्यांच्यासाठीं धान्यसामुग्री व शिकारीकरितां दारूगोळा मागें ठेविला आणि मग शिडें उभारलीं. किल्ल्याचा अधिकारी सॅम्युएल हर्न हा स्वतः मोठा प्रवासी होता. त्याच्या प्रवासाचें हस्तलिखित लुटींत सांपडलें होतें. तें पुस्तक छापून प्रसिद्ध करावें एवढ्या अटीवर लापेरूझनें तें त्यास परत दिलें. तें पुढें 1795 सालीं छापलें गेलें. शत्रूची इमारत जाळावी पण शत्रूचें ज्ञान जाळूं नये, हा विवेक त्या काळच्या लढवय्यांत विरळाच. या दोन गोष्टींची वार्ता इंग्लंडांतही आदरानें सांगितली गेली.

1783 सालीं तह झाला. कुकच्या तीन सफरींनीं पॅसिफिक महासागराचा नकाशा पार बदलून टाकला होता. फ्रान्सचा राजा सोळावा लुई यास भूगोलाची मनापासून आवड होती, आणि कुकनें अपुरें ठेविलेलें काम फ्रान्सनें पुरें करावें अशी त्याची इच्छा होती. मोहिमेची आंखणी भूगोलज्ञ फ्लरियो यानें केली व तिचें आधिपत्य लापेरूझकडे आलें.

तिच्यासाठीं जीं दोन जहाजें निवडलीं त्यांची थोडी माहिती देतों. फ्रिगेट म्हणजे चपळ लढाऊ जहाज, असा सामान्य समज आहे. हीं दोन्ही जहाजें मूळचीं तशीं नव्हतीं. तीं आरमाराचें सामान वाहणारीं, रुंद पोटाचीं, सुमारें 500 टनांचीं जहाजें होतीं. एकाचें नांव ‘पोर्तफे’ म्हणजे हमाल, दुसऱ्याचें ‘ओत्रूश’ म्हणजे शहामृग. कुकनेंही असेंच कोळसा वाहणारें जाडजूड जहाज पसंत केलें होतें. कारण तीन-चार वर्षांची शिधासामुग्री, पाणी, यंत्रें, बियाणें आणि बाजारहाटासाठीं मणी-कुऱ्हाडी हें सर्व पोटांत घेईल असेंच जहाज अशा सफरीस लागतें. आरमाराच्या दप्तरांत त्यांस फ्रिगेटींचा दर्जा मिळाला व नवीं नांवें मिळालीं. हमालाचें झालें ‘बूसोल’, म्हणजे होकायंत्र; शहामृगाचें झालें ‘आस्त्रोलाब’, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजण्याचें तें यंत्र, ज्यास आपल्या ज्योतिष्यांनीं यंत्रराज असें नांव दिलें आहे. ‘बूसोल’वर स्वतः लापेरूझ होता, ‘आस्त्रोलाब’ त्याचा जिवलग मित्र द लांग्ल याच्या हातीं होतें. हडसन उपसागरांतही हे दोघे बरोबर होते. दोन्ही जहाजांवर मिळून सुमारें सव्वादोनशें माणसें होतीं. त्यांत ज्योतिषी, वनस्पतिशास्त्रज्ञ, भूगर्भवेत्ते, चित्रकार व एक माळीसुद्धां होता. लंडनच्या रॉयल सोसायटीनें कुकच्या सफरींत वापरलेल्या दोन चुंबकसूची उसन्या दिल्या. कालपर्यंत ज्यांच्याशीं तोफा लढविल्या त्यांनींच ही वस्तु विश्वासानें हातीं द्यावी, याचें लापेरूझला फार अप्रूप वाटलें.

राजाच्या आज्ञापत्रांत पुष्कळ कलमें होतीं; त्यांतील एक आम्हांस विशेष वाटतें. बेटांवरील लोकांशीं सौम्यपणानें वागावें, बळाचा उपयोग अगदीं निरुपाय झाल्याशिवाय करूं नये, आणि ही सफर एकाही माणसाचा जीव न गमावतां पुरी झाली तर तेंच तिचें मोठें यश समजलें जाईल, असा त्याचा आशय होता. लापेरूझनें हें कलम मनांत कोरून ठेविलें. 1 ऑगस्ट 1785 रोजीं दोन्ही जहाजें ब्रेस्टहून निघालीं. एलेओनोरच्या संसारास तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं.

लांबच्या सफरींत त्या काळीं तोफांपेक्षां स्कर्व्ही नांवाचा रोग अधिक माणसें मारी. ताजी भाजी व फळें न मिळाल्यानें हिरड्या सुजत, दांत हालत, जुन्या जखमा उघडत आणि माणूस झिजून मरे. लापेरूझनें कुकचे नियम काटेकोरपणें पाळले. आंबविलेली कोबी, माल्टाचें पेय, कोरडीं अंथरुणें, जहाजाच्या पोटांत धुरी, आणि प्रत्येक बंदरांत ताजें अन्न व पाणी, असा त्याचा क्रम असे. पहिल्या दोन वर्षांत या रोगानें त्याचा एकही माणूस नेला नाहीं.

दक्षिण अमेरिकेचें टोंक वळून 1786 च्या फेब्रुवारींत जहाजें चिली देशांत पोहोंचलीं. एप्रिलांत ईस्टर बेट लागलें. तेथील लोकांनीं मोठ्या प्रेमानें स्वागत केलें व त्याच प्रेमानें पाहुण्यांच्या टोप्या व हातरुमाल लांबविले. कप्तानानें हंसून तिकडे काणाडोळा केला, खलाशांना नव्या टोप्या दिल्या, माळ्याकडून बियाणें पेरविलें, शेळ्यामेंढ्या भेट दिल्या आणि दुसऱ्याच दिवशीं नांगर उचलला. मे महिन्याच्या अखेरीस तो हवाई द्वीपांतील माउई बेटावर उतरला. नवीन भूमि दिसली कीं निशाण रोवून ती आपल्या राजाची झाली असें जाहीर करावें, अशी युरोपीय दर्यावर्द्यांची रीत होती. लापेरूझनें येथें तसें केलें नाहीं. ज्या लोकांचे पूर्वज त्या जमिनींत पुरले आहेत, ज्यांनीं ती घाम गाळून कसली आहे, त्यांची भूमि केवळ आपल्याजवळ बंदुका आहेत म्हणून आपली कशी होते, असा प्रश्न त्यानें आपल्या रोजनिशींत मांडला आहे. हा प्रश्न 1786 सालीं एका आरमारी अधिकाऱ्यास पडावा, एवढ्यासाठींच त्याचें चरित्र वाचण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें.

तेथून तो अलास्काच्या किनाऱ्यास गेला. जुलै महिन्यांत एका खोल उपसागरांत जहाजें शिरलीं. सभोंवार हिमाच्छादित डोंगर, आंत पाणी आरशासारखें निश्चल. मात्र तोंड अगदीं अरुंद, आणि ओहोटीच्या वेळीं त्या तोंडांतून पाणी नदीच्या पुरासारखें बाहेर धांवे. आज यास लिटुया उपसागर म्हणतात. निघण्यापूर्वीं पाण्याची खोली मोजण्याचें काम राहिलें होतें. 13 जुलै 1786 रोजीं पहांटे तीन होड्या त्यासाठीं निघाल्या. त्यांचा प्रमुख देस्क्यूर हा तेहतीस वर्षांचा शूर अधिकारी होता. पण त्याच्या अंगीं थोडें धाडस अधिक आहे हें कप्तान जाणून होता. म्हणून त्यानें तोंडी सांगण्यावर न भागवितां लेखी हुकूम दिला: तोंडाशीं लाटा फुटत असतील तर जवळ जावयाचें नाहीं. एवढा तपशील वाचून देस्क्यूर थोडा रागावला. आपण काय लहान मूल आहों, असें त्यास वाटलें. त्यानंतर कांहीं तासांतच ओहोटीच्या ओढीनें त्याची होडी तोंडाकडे खेंचली गेली व फुटणाऱ्या लाटांत दिसेनाशी झाली. दुसरी होडी ‘आस्त्रोलाब’ची होती. तीवर लाबोर्द घराण्यांतील दोन सख्खे भाऊ होते. ती तेव्हां सुरक्षित अंतरावर होती. पण सोबत्यांस वांचविण्यासाठीं ती पुढें सरली आणि तीही गेली. तिसरी, सर्वांत लहान होडी, बूतां नांवाच्या अधिकाऱ्यानें कशीबशी परत आणली. एकवीस माणसें गेलीं, आणि एकाचाही देह हातीं लागला नाहीं.

लापेरूझनें शोधासाठीं बरेच दिवस मुक्काम लांबविला. उपसागराच्या मध्यावरील बेटावर त्यानें गेलेल्यांचें स्मारक उभारलें. रोजनिशींत ही हकीकत लिहितांना आपल्यास अश्रु आवरले नाहींत हें त्यानें लपविलें नाहीं. राजाच्या त्या कलमाची त्या वेळीं त्याच्या मनांत काय स्थिति झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. पूर्ण दक्षता घेतली, लेखी ताकीद दिली, आणि तरीही असें झालें.

सप्टेंबरांत तो कॅलिफोर्नियांतील मॉंटेरे येथें पोहोंचला आणि तेथून पॅसिफिक ओलांडून चीनकडे वळला. वाटेंत 6 नोव्हेंबर 1786 च्या रात्रीं, हवाईच्या वायव्येस, पहाऱ्यावरच्या माणसांस अगदीं जवळ पांढरा फेंस दिसला. प्रवाळाचा खडक होता. जहाजें तांतडीनें वळविलीं म्हणून दोन्ही वांचलीं. क्षणभर उशीर झाला असता तर ही कथा तेथेंच संपली असती. त्या खडकांस आजही फ्रेंच फ्रिगेटींचे उथळ खडक असेंच नांव आहे. 1787 च्या जानेवारींत मकाव येथें अलास्कांत घेतलेलीं कातडीं विकलीं व ते पैसे खलाशांस वांटून दिले. कप्तानानें त्यांतील वांटा घेतला नाहीं.

येथें त्याच्या एका संवयीचा उल्लेख केला पाहिजे. प्रत्येक मोठ्या बंदरांतून तो आपली रोजनिशी, नकाशे व शास्त्रज्ञांचीं टिपणें यांची नक्कल करून फ्रान्सकडे रवाना करी. सर्व कांहीं एकाच जहाजाच्या पोटांत ठेवावयाचें नाहीं, असा त्याचा नियम होता.

मनिलाहून उत्तरेकडे कोरिया, जपान व तार्तरी यांच्यामधील समुद्रांत तो शिरला. युरोपीय नकाशांवर हा भाग जवळजवळ कोरा होता. साखालिन किनाऱ्यावर भेटलेल्या एका वृद्धानें आपल्या भाल्याच्या टोंकानें जमिनीवर किनाऱ्याची आकृति काढून दाखविली. दुसऱ्या एकानें फ्रेंचांची पेन्सिल घेऊन तीच कागदावर काढली व होडीनें किती दिवस लागतात तें रेघा ओढून सांगितलें. अक्षरओळख नसलेल्या त्या मासेमारांचें हें भूज्ञान पाहून पॅरिसचे पंडित थक्क झाले. ऑगस्टांत साखालिन व जपानचें उत्तर बेट यांमधील सामुद्रधुनीतून जहाजें बाहेर पडलीं. तिलाच लापेरूझचें नांव आहे.

सप्टेंबर 1787 मध्यें कामचट्कांतील पेत्रोपाव्लोव्स्क येथें त्याला फ्रान्सची टपाल मिळाली. तींत बढतीचें पत्र होतें, आणि इंग्रज ऑस्ट्रेलियांत वसाहत करीत आहेत ती पाहून यावी असा हुकूम होता. येथून त्यानें आपली सर्व कागदपत्रें बार्तेलेमी द लेसेप्स या एकवीस वर्षांच्या दुभाष्याजवळ दिलीं. त्यानें तीं सर्व सायबेरिया ओलांडून पॅरिसला न्यावयाचीं होतीं. कुत्र्यांच्या गाड्यांतून, हिमवादळांतून, एक वर्षाहून अधिक काळ प्रवास करून तो तरुण ऑक्टोबर 1788 मध्यें व्हर्सायच्या राजवाड्यांत दाखल झाला. ज्यानें पुढें सुएझचा कालवा खणविला त्या फर्दिनांद द लेसेप्सचा हा चुलता. जहाज सोडून जातांना त्याला आपलें दुर्दैव वाटलें असेल. सफरींतून जिवंत राहिलेल्या फार थोड्यांपैकीं तो एक ठरला.

डिसेंबरांत जहाजें सामोआ द्वीपांतील तुतुइला बेटाजवळ आलीं. बेट नंदनवनासारखें, लोक धिप्पाड व आनंदी. लापेरूझला मात्र वातावरण नीट वाटलें नाहीं. त्यास निघावयाचें होतें. पण द लांग्लनें आग्रह धरला. पिंपांतील जुन्या पाण्यानें स्कर्व्ही होतो, आणखी ताजें पाणी भरलेंच पाहिजे, असें त्याचें म्हणणें होतें. खलाशांच्या आरोग्याचा प्रश्न. त्यांत जुन्या मित्राचा शब्द. लापेरूझनें मन मारून होकार दिला. 11 डिसेंबर 1787 रोजीं 61 माणसें चार होड्यांतून एका लहान खाडींत गेलीं. भरतीच्या वेळीं ती पाहिली तेव्हां तेथें पाणी होतें. आतां ओहोटी लागून मोठ्या होड्या चिखलांत रुतल्या. किनाऱ्यावर गर्दी वाढत वाढत हजारावर गेली. राजाच्या आज्ञेस स्मरून द लांग्लनें गोळी चालविण्याचा हुकूम देण्यास शेवटपर्यंत विलंब केला. मग दगडांचा वर्षाव सुरू झाला. तो स्वतः पहिल्यांतच पडला. एकूण बारा माणसें ठार झालीं, त्यांत निसर्गशास्त्रज्ञ लामानों हाही होता. दोन्ही मोठ्या होड्या गेल्या. उरलेले जखमी पोहत लहान होड्यांपर्यंत पोहोंचले.

त्याच वेळीं ‘बूसोल’च्या भोंवतीं बेटावरील लोकांच्या कितीतरी होड्या फळें व डुकरें विकण्यासाठीं जमल्या होत्या. खाडींत काय झालें याची त्या बिचाऱ्यांस दादही नव्हती. खलाशी संतापानें वेडे झाले होते व तोफा भरून तयार होत्या. लापेरूझनें नुसता दारूचा एक बार काढवून त्या होड्या पळवून लावल्या. सूड घेतला असता तर तो निरपराध्यांवर पडला असता हें त्यानें त्या क्षणींही ओळखलें. याचा अर्थ त्याचें मन कडू झालें नाहीं असा मात्र नव्हे. त्या दिवसानंतरच्या त्याच्या लेखांत, घरच्या शेकोटीजवळ बसून दूरच्या लोकांच्या भोळेपणाचीं वर्णनें करणाऱ्या तत्त्ववेत्त्यांवर त्यानें जळजळीत टीका केली आहे. आम्ही ती लपवीत नाहीं. मित्राचा देहही हातीं न लागलेल्या माणसाची ती वेदना आहे. परंतु त्यानें लिहिलें रागानें आणि वागला शांतपणें, हेंही नोंदविलें पाहिजे.

24 जानेवारी 1788 रोजीं ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी उपसागरासमोर जहाजें आलीं, आणि पाहतात तों तेथें इंग्रजांचा तांडा उभा! कैद्यांस घेऊन आलेलीं तीं अकरा जहाजें नुकतींच पोहोंचलीं होतीं व जागा न आवडल्यामुळें जवळच्या दुसऱ्या बंदराकडे जाण्याच्या तयारींत होतीं. 26 जानेवारीस इंग्रज बाहेर पडले व फ्रेंच आंत शिरले. दोन्ही बाजूंनीं सौजन्याच्या भेटीगांठी झाल्या. पळून आलेले कांहीं कैदी आम्हांस न्या म्हणून फ्रेंचांस विनवीत. लापेरूझ त्यांस परत पाठवी. जहाजांच्या पोटांत सुट्या आणलेल्या लांकडी सांगाड्यांतून दोन नव्या मोठ्या होड्या बांधल्या. शेवटची रोजनिशी व पत्रें इंग्रज जहाजानें युरोपला पाठविलीं. डिसेंबरपर्यंत ईल द फ्रांस गांठूं, असा त्याचा हिशेब होता. 10 मार्च 1788 रोजीं ‘बूसोल’ व ‘आस्त्रोलाब’ बॉटनी उपसागरांतून बाहेर पडलीं. त्यानंतर कोणाही युरोपीय जहाजास तीं दिसलीं नाहींत.

1788 संपलें. 1789 सालीं फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. एवढ्या धामधुमींतही लोक लापेरूझला विसरले नाहींत. 1791 सालीं राष्ट्रीय सभेनें शोधासाठीं जहाजें धाडण्याचा ठराव केला. त्याची रोजनिशी सरकारी खर्चानें छापावी, त्याचें नांव आरमाराच्या यादींत कायम ठेवावें व पगार पत्नीस मिळत राहावा असेंही ठरविलें. दांत्रकास्तो हा सेनापति दोन जहाजें घेऊन निघाला. मे 1793 मध्यें त्यास दूरवर एक बेट दिसलें. त्यानें आपल्या जहाजाचें नांव त्याला दिलें व उतरल्यावांचून तो पुढें गेला. दोन महिन्यांनीं तोही आजारानें वारला. तें बेट व्हानिकोरो होतें. सोळावा लुई वधस्तंभाकडे जाण्यापूर्वीं लापेरूझची कांहीं बातमी आहे काय असें विचारीत होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटली. 1797 सालीं प्रवासवृत्त चार खंडांत प्रसिद्ध झालें. मकाव, कामचट्का व बॉटनी उपसागर येथून धाडलेल्या कागदांतूनच तें सिद्ध झालें. एलेओनोर 1807 सालीं वारली. तिला लेंकरूं नव्हतें, आणि पतीचें काय झालें हें तिला अखेरपर्यंत कळलें नाहीं.

कोडें उलगडलें तें एका व्यापारी कप्तानामुळें, आणि त्यांत हिंदुस्थानचाही थोडा भाग आहे. 1826 च्या मे महिन्यांत पीटर डिलन हा टिकोपिया बेटाशीं थांबला असतां, तेथें पूर्वीं त्यानेंच उतरविलेल्या एका हिंदी खलाशाकडून चांदीची एक तलवारीची मूठ पुढें आली. चौकशी करतां ती व्हानिकोरो बेटावरून आल्याचें कळलें. डिलननें कलकत्त्यास येऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारास ही हकीकत कळविली. सरकारनें त्यास ‘रिसर्च’ नांवाचें जहाज दिलें. सप्टेंबर 1827 मध्यें तो व्हानिकोरोस पोहोंचला. तेथील वृद्धांनीं सांगितलें तें असें: पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वादळी रात्रीं दोन मोठीं जहाजें खडकांवर आदळलीं. एक लगेच खोल पाण्यांत गेलें. दुसरें खडकावर अडकून राहिलें. त्यांतील माणसें किनाऱ्यावर आलीं, त्यांनीं कुंपण घालून वस्ती केली, मोडक्या जहाजाच्या लांकडांतून एक लहान गलबत बांधलें आणि कांहीं महिन्यांनीं तीं त्यांत बसून निघून गेलीं. डिलननें घंटा, पितळी तोफा, फ्रेंच राजचिन्हाची ताटें असे अवशेष गोळा केले. पुढें फ्रान्समध्यें तीं एका साठी उलटलेल्या गृहस्थापुढें मांडलीं गेलीं, आणि त्यानें त्यांतील वस्तु ओळखल्या. तो गृहस्थ म्हणजे कामचट्कांत जहाज सोडलेला दुभाष्या लेसेप्स. दरम्यान 1828 च्या आरंभीं द्यूमाँ द्युर्व्हील हा फ्रेंच कप्तानही तेथें गेला. त्याच्या जहाजास त्यानें ‘आस्त्रोलाब’ हेंच नांव दिलेलें होतें. त्यानें बेटावर स्मारक उभारलें.

बचावलेल्यांचें तें लहान गलबत मात्र कोठेंही पोहोंचलें नाहीं.

विसाव्या शतकांत पाणबुडे व्हानिकोरोच्या समुद्रांत उतरूं लागले. दोन्ही जहाजांच्या जागा सांपडल्या. त्यांत फार अंतर नाहीं. एक खडकाच्या फटींत कोसळून बुडालें होतें, दुसरें उथळ पाण्यांत. 1999 सालीं किनाऱ्यावर वस्तीच्या खुणा मिळाल्या. 2005 सालीं फटींतील जहाजांतून मेर्सिये या कारागिराच्या नांवाचें कोनमापक यंत्र वर आलें. असें यंत्र ‘बूसोल’च्या सामानाच्या यादींत होतें, त्यामुळें लापेरूझचें जहाज कोणतें हा वाद मिटला. त्याच जहाजांत 2003 सालीं एका मनुष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सांपडला होता. तो तिशीच्या आंतबाहेरचा पुरुष असावा असें तज्ज्ञांनीं ठरविलें; म्हणजे सेहेचाळीस वर्षांचा लापेरूझ तो नव्हे. त्याचें नांव शोधून काढण्याचे प्रयत्न सफल झाले नाहींत. 2011 सालीं फ्रेंच आरमारानें त्या अनामिकास लष्करी इतमामानें मूठमाती दिली. ती ब्रेस्ट येथें, जेथून तो 1785 च्या ऑगस्टांत निघाला होता.